‘कोणती टेस्ट लावू?’ याच्या आधी काय विचारायचं: विद्यापीठात संख्याशास्त्रीय सल्ला शिकताना

एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नेमन-पिअर्सन लेमा, म्हणजे चाचण्यांच्या सिद्धांतातलं पायाभूत प्रमेय, फळ्यावर सिद्ध करता येतो. पण कृषी महाविद्यालयातल्या मैत्रिणीने पेनड्राइव्ह पुढे करून ‘यावर कोणती टेस्ट लावू रे?’ असं विचारलं की तोच विद्यार्थी अडखळतो. परीक्षेत प्रश्न तयार मिळतो, गृहीतकं लिहून दिलेली असतात आणि डेटा स्वच्छ असतो. समोर बसलेल्या संशोधकाकडे यातलं काहीच नसतं. प्रश्न नेमका काय आहे हे बहुतेकदा त्यालाही ठाऊक नसतं, आणि तो शोधून काढणं हीच सल्लागाराची निम्मी नोकरी. ती शिकायला विद्यापीठासारखी जागा नाही, कारण डॉक्टर, शेतीतज्ज्ञ, शिक्षणशास्त्राचे आणि समाजशास्त्राचे संशोधक सगळे हाकेच्या अंतरावर असतात.

खालच्या पायऱ्या दुसऱ्या सत्रापासून पदवी हातात पडेपर्यंत पुरतील.

पायरी 1: आधी नुसतं शेजारी बसा

काही विभागांत सल्ला कक्ष असतो. जिथे नसतो तिथेही एखाद्या सरांकडे किंवा मॅडमकडे लोक येतच असतात. त्यांना सरळ विचारा, ‘मी बाजूला बसून टिपणं घेऊ का?’ बहुतेक शिक्षक आनंदाने हो म्हणतात, कारण टिपणं घेणारा माणूस त्यांनाही हवाच असतो.

टिपणात तीन गोष्टी लिहा: येणाऱ्याचं पहिलं वाक्य, भेट संपताना ठरलेला खरा प्रश्न, आणि या दोहोंमधलं वळण कोणत्या विचारणेमुळे आलं. टेस्टचं नाव लिहिलं नाही तरी चालेल. अशी टिपणं साठली की लक्षात येतं, ‘टी-टेस्ट हवी’ म्हणून आलेल्या माणसाला हवं असतं भलतंच.

या गोंधळावर अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या ए. डब्ल्यू. किम्बल यांनी 1957 मध्येच लेख लिहिला होता. चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देणं, याला त्यांनी तिसऱ्या प्रकारची चूक म्हटलं. पहिल्या दोन प्रकारच्या चुकांवर (नसलेला फरक आहे म्हणणं, असलेला फरक न दिसणं) आपण सत्रभर गणितं सोडवतो. तिसरी मात्र अभ्यासक्रमात सहसा सापडत नाही.

पायरी 2: पहिल्या भेटीत लॅपटॉप बंद

फाइल उघडली की दोघंही आकड्यांकडे बघायला लागतात आणि प्रश्न मागे पडतो. म्हणून आधी बोलणं. मी हे प्रश्न साधारण याच क्रमाने विचारतो:

तुम्हाला काय शोधायचंय ते संख्याशास्त्राचा एकही शब्द न वापरता सांगाल का? उत्तर ‘हो’ आलं तर तुम्ही काय वेगळं कराल, आणि ‘नाही’ आलं तर? मोजमाप कोणी केलं, कशाने, कोणत्या क्रमाने? कोणत्या रोग्याला किंवा प्लॉटला कोणता उपचार द्यायचा हे कसं ठरलं? सुरुवातीला अभ्यासात असलेलं पण आता फाइलमध्ये नसलेलं कोण आहे? गाइड काय म्हणाले? जमा करायची तारीख कोणती?

शेवटचे दोन प्रश्न शास्त्रीय वाटत नाहीत, पण सगळं गणित त्यांच्यावर फिरतं. परवा प्रबंध द्यायचा असलेल्या माणसाला नव्याने डेटा गोळा करायला सांगणं हा सल्ला होत नाही.

चौथा प्रश्न शब्दशः विचारा. ‘रँडमली दिलं’ असं उत्तर आलं तर ‘म्हणजे नेमकं कसं?’ असं पुढे विचारा. ‘सोमवारी येणाऱ्यांना नवीन औषध, गुरुवारी येणाऱ्यांना जुनं’ असं कानावर पडलं तर दचकू नका. नोंद करा, कारण सोमवारची ओपीडी आणि गुरुवारची ओपीडी एकसारखी असेलच असं नाही.

फिजिओथेरपीचा एक नेहमीचा नमुना बघा. रोग्यांचे दोन गट आहेत. दोन्ही गटांचं व्यायामाआधी आणि नंतर मोजमाप झालंय. विद्यार्थिनी सांगते, ‘पहिल्या गटात पी 0.03 आला, दुसऱ्यात 0.08. म्हणजे पहिला व्यायाम जास्त चांगला ना?’ (पी म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; ती 0.05 च्या खाली आली की फरकाला ‘सिग्निफिकंट’ म्हणतात.) तिने दोन गटांची एकमेकांशी तुलना केलेलीच नाही. प्रत्येक गटाची त्याच्याच सुरुवातीशी केली आहे. दोन गटांतल्या सुधारणेचा फरक काढून त्याची चाचणी घेतली तर तो फरक अगदी किरकोळही निघू शकतो. योग्य वाट म्हणजे सुरुवातीचं मोजमाप सहचल (हिशेबात धरायचा जोडीचा घटक) म्हणून धरून नंतरच्या मोजमापाची तुलना, म्हणजे अ‍ॅन्कोव्हा. पण तिला हे नाव आधी सांगू नका. ‘तुम्हाला हा व्यायाम चांगला की तो, हे कळायला हवंय. मग त्या दोघांनाच समोरासमोर उभं करूया’ एवढं पुरतं.

येणारा माणूस घाबरलेला असतो, हेही ध्यानात असू द्या. रात्रपाळी करून आलेल्या निवासी डॉक्टरला अकरावीनंतर गणिताशी संबंध न आल्याची लाज वाटत असते. त्याच्याशी मराठीतच बोला, आणि त्याच्या विषयातलं काही कळलं नाही तर बेधडक विचारा. तुम्ही विचारलंत की त्यालाही विचारायला धीर येतो.

पायरी 3: डेटा जिथे तयार होतो तिथे एकदा जा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच सल्लागार आणि नुसता सॉफ्टवेअर चालवणारा यांच्यातला फरक पडतो.

पीक कापणी प्रयोगांचा इतिहास याला साक्षी आहे. 1940 च्या दशकात भारतात पिकाच्या उत्पादनाचा अंदाज घ्यायला शेतात किती मोठा तुकडा कापावा यावर मोठा वाद झाला. एका बाजूला संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूने होते. दुसऱ्या बाजूला सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे. तुकडा फार लहान असला की उत्पादन फुगून येतं, हे सुखात्म्यांनी शेतातल्या तुलनेतूनच दाखवलं. कारण माणसाच्या हातात होतं: सीमेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी वेळ आली की कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने सीमा लांब. आकड्यांच्या तक्त्याकडे कितीही वेळ बघत बसलात तरी ही गोष्ट दिसणार नाही.

वॉर्डात गेलात तर रक्तदाबाचे बहुतेक आकडे शून्याने संपताना दिसतील, कारण 118 दिसलं तरी हात 120 लिहितो. शाळेत गेलात तर प्रश्नावली बाई मोठ्याने वाचून दाखवतात आणि अख्खा वर्ग एका सुरात उत्तर देतो, हेही दिसेल. अर्धा दिवस जातो, पण पुढचे चार आठवडे वाचतात.

पायरी 4: ‘एन’ (नमुन्यातल्या एककांची संख्या) खरा किती ते ठरवा

सल्ल्यात सर्वात जास्त वेळा सापडणारी गफलत इथली आहे, म्हणून थोडं थांबून बघू.

समजा, दोन खतांची तुलना आहे. प्रत्येक खताला 3 कुंड्या, प्रत्येक कुंडीत 10 रोपं. उंचीची 60 मोजमापं हातात आहेत, आणि विद्यार्थ्याने 30 विरुद्ध 30 अशी टी-टेस्ट लावली आहे. पण खत दिलं कुंडीला. एका कुंडीतली दहा रोपं तीच माती, तेच पाणी, तोच ऊन-सावलीचा कोपरा वाटून घेतात. खरी एककं 6 आहेत, 60 नव्हेत. स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे अंदाजाला उरलेली स्वतंत्र माहिती, 58 वरून 4 वर येतात आणि टी-मूल्याचा 5 टक्के पातळीचा उंबरठा 2.00 वरून 2.78 वर जातो. शिवाय प्रमाणत्रुटीही आता कुंड्या-कुंड्यांमधल्या फरकावरून काढायची असते. सोपा उपाय असा: प्रत्येक कुंडीची सरासरी काढा आणि त्या सहा आकड्यांवर टी-टेस्ट करा. मिश्र मॉडेल (कुंडी आणि रोप अशा दोन्ही पातळ्यांचा फरक एकत्र धरणारी पद्धत) नंतर शिका. इतक्या साध्या रचनेत उत्तर तेच येतं.

शाळांच्या सर्वेक्षणातही हेच होतं. 30 शाळांतून प्रत्येकी 20 मुलं घेतली की 600 होतात. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असण्याचं प्रमाण, म्हणजे अंतर्गट सहसंबंध, 0.15 धरला तर डिझाइन इफेक्ट (गटांमुळे माहिती किती पट घटते तो आकडा) 1 + 19 × 0.15 = 3.85 येतो. 600 ला 3.85 ने भागा. माहिती सुमारे 156 स्वतंत्र मुलांइतकीच आहे.

कृषी महाविद्यालयातल्या प्रयोगांत उलट बाजूने तपासा. रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइनमध्ये (सारख्या जमिनीच्या पट्ट्यांत ट्रीटमेंट रँडमली वाटायच्या रचनेत) 5 ट्रीटमेंट आणि 3 रेप्लिकेशन असतील तर एररच्या स्वातंत्र्यमात्रा 4 × 2 = 8 येतात. आपल्याकडे किमान 12 असाव्यात असा संकेत आहे, म्हणजे चौथं रेप्लिकेशन हवं. हे पेरणीआधी सांगता आलं तर उपयोग. 1938 मध्ये कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या पहिल्या अधिवेशनात रोनाल्ड फिशर यांनी अध्यक्षपदावरून हेच बजावलं होतं: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदन करायला सांगणं, फार तर प्रयोग कशाने मेला एवढं तो सांगेल.

पायरी 5: सॅम्पल साइझ आधीच ठरून आलेला असेल तर

एम.डी.च्या विद्यार्थ्याचं ठरलेलं वाक्य: ‘सर, गाइड म्हणालेत 60 केसेस. फक्त फॉर्म्युला बसवून द्या.’

फॉर्म्युला 4pq/L². आजाराचं प्रमाण 20 टक्के धरा, म्हणजे p = 20, q = 100 − p = 80. चालणारी चूक L जर p च्या 20 टक्के, म्हणजे 4 टक्के-बिंदू धरली तर 400 रोगी लागतात. L = 5 ला 256. L = 10 धरली की 64. तेच सूत्र, तोच आजार, आणि आकडा हवा तिथे आणून ठेवता येतो. L मागच्या दाराने ठरते, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

त्यावर भाषण देऊ नका. 60 रोग्यांत काय मिळेल ते दाखवा: 12 जणांना आजार निघाला, तर प्रमाण 20 टक्के आणि 95 टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरं प्रमाण ज्यात असण्याचा भरवसा धरता येतो तो पट्टा) साधारण 10 ते 30. ‘एवढ्या रुंद उत्तराने तुमचं काम भागतं का?’ असं विचारा. कधीकधी भागतं. आधी कुणी मोजलंच नसेल तर 10 ते 30 ही देखील नवी माहिती. मग प्रबंधात तसंच लिहायचं: वेळ आणि रोग्यांची उपलब्धता पाहून 60 घेतले, त्यातून एवढी अचूकता मिळते. उलटं गणित करून आकडा सजवण्यापेक्षा परीक्षकासमोर हे जास्त टिकतं.

दोन गटांच्या सरासरीची तुलना असेल तर एक अंदाजसूत्र पाठ ठेवा: प्रत्येक गटात 16 गुणिले प्रमाण विचलनाचा वर्ग, भागिले महत्त्वाच्या फरकाचा वर्ग. विचलन 10 आणि पकडायचा फरक 5 असेल तर प्रत्येकी 64. हे पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) 80 टक्के आणि पातळी 5 टक्के धरून. बोलता बोलता कागदावर मांडता येतं.

पायरी 6: फाइल साफ करणं

इथे सर्वात जास्त तास जातात, आणि महाराष्ट्रातल्या डेटाच्या स्वतःच्या खोड्या आहेत.

सगळ्यात फसवी खोडी जमिनीची. शेतकरी सांगतो ‘दोन एकर तीस गुंठे’. नोंद घेणारा टाइप करतो 2.30. एकरात गुंठे 40, म्हणजे खरं क्षेत्र 2.75 एकर. त्यातून 18 क्विंटल सोयाबीन निघालं असेल तर एकरी 6.5 क्विंटल पडतं, पण फाइलप्रमाणे 7.8. उत्पादकता जवळपास 20 टक्क्यांनी फुगली. सातबाऱ्यावरचं 1.20 मात्र खरोखर 1.20 हेक्टर असतं, कारण 100 आर म्हणजे 1 हेक्टर. एकाच रकान्यात दोन्ही पद्धती मिसळल्या असतील तर? दशांशानंतरचे अंक तपासा. एकराच्या नोंदींत .40 च्या पुढे काहीच सापडत नसेल तर ते गुंठे आहेत असं समजून चौकशीला लागा.

गावांची नावंही तशीच. शिरूर पुणे जिल्ह्यातही आहे आणि बीडमध्येही. पिंपळगावं तर विचारूच नका. नावावरून फाइली जोडायच्या नाहीत, जनगणनेचा गाव संकेतांक वापरायचा. मग रिकाम्या जागा: ‘0’, ‘निरंक’, ‘99’ आणि कोरा चौकोन या चारांचा अर्थ वेगळा असू शकतो. 5-6 असं लिहिलेलं उत्तर एक्सेल तारीख करून टाकतं. तारखेत दिवस आधी की महिना आधी, हे 12 च्या पुढच्या दिवसांवरून ओळखा.

ओळी मोजायची सवय लावा. सप्टेंबर-ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे 15,841 रुग्ण गळाले, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 च्या वर ओळी मावत नाहीत. फाइल जिथून निघाली आणि तुमच्याकडे पोहोचली, दोन्हीकडच्या ओळी जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रत्येक दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये किंवा निदान वेगळ्या शीटवर कारणासकट लिहायची. आणि दुरुस्तीचा निर्णय तुमचा नाही, डेटाच्या मालकाचा. हिमोग्लोबिन 1.2 दिसलं तर ते 12 असणार हे तुम्हाला वाटतं. केसपेपर बघून सांगायचं काम डॉक्टरांचं.

पायरी 7: विश्लेषण, अखेर

आधी आलेख. फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम यांनी 1973 मध्ये चार लहान डेटासेट छापले. सरासरी, विचरण, सहसंबंध, समाश्रयण रेषा सगळं जवळपास सारखं, पण चित्रं चार तऱ्हांची. आलेख काढायला दोन मिनिटं लागतात, सबब नको.

सॉफ्टवेअरवरून भांडू नका. तुम्ही आर किंवा पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहा, म्हणजे तीन महिन्यांनी गाइडने ‘ते दोन रोगी काढून परत करा’ म्हटलं तर पाच मिनिटांत होईल. समोरच्याला मात्र झेपेल ते द्या. कृषी संशोधकांसाठी हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ऑपस्टॅट आणि जुन्या गोव्यातल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्राचं वॉस्प ही मोफत साधनं वर्षानुवर्षं वापरात आहेत.

दोन गोष्टी आवर्जून बघा. काय-वर्ग चाचणीत टक्केवारी टाकली आहे की प्रत्यक्ष संख्या? 40 जणांच्या अभ्यासाची टक्केवारी भरली तर चाचणीला 100 जण दिसतात. दुसरी गोष्ट शेतीची. नत्राच्या 0, 40, 80, 120 किलो अशा चढत्या मात्रा असतील तर प्रत्येक जोडीची सीडी (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे सिग्निफिकंट ठरायला लागणारा किमान फरक) काढून अ, ब, क अशी अक्षरं चिकटवण्यात अर्थ नाही. मात्रा वाढते तसं उत्पादन कसं वाकतं, ती रेषा किंवा वक्र काढा. शेतकऱ्याला पोत्यांचा हिशेब त्यातूनच कळतो. गाइड अक्षरंच मागतील. मग दोन्ही द्या, वक्र आधी.

पायरी 8: ‘0.06 आलंय, जरा खाली येईल का?’

हे वाक्य ऐकून चिडायचं नाही. त्या माणसाला ‘सिग्निफिकंट नाही म्हणजे प्रबंध वाया’ असंच शिकवलेलं असतं. कॉन्फिडन्स इंटर्व्हल काढून दाखवा. समजा, नव्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन सरासरी 0.7 ग्रॅमने जास्त वाढलं आणि इंटर्व्हल उणे 0.03 ते 1.43 आहे. म्हणजे फायदा नसण्याची शक्यता अजून मिटलेली नाही, पण दीड ग्रॅमच्या जवळ जाणारा फायदाही शक्य आहे. ‘फरक नाही’ असं या डेटावरून म्हणताच येत नाही. निवडक रोगी गाळून 0.04 करायला नकार द्यायचा, पण रिकाम्या हाताने पाठवायचं नाही: इंटर्व्हलचा हा अर्थ वाक्यात लिहून द्यायचा. गाइडना पटत नसेल तर अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचं 2016 चं निवेदन दाखवा. पी-व्हॅल्यू एका उंबरठ्याच्या अलीकडे की पलीकडे एवढ्यावरच निष्कर्ष काढू नयेत, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे.

पायरी 9: एक पानी रिपोर्ट

पहिल्या परिच्छेदात उत्तर, त्यांच्याच एककांत: ग्रॅम, क्विंटल, दिवस. दुसऱ्यात ते किती पक्कं. मग एक आलेख. शेवटी काय केलं, काय गृहीत धरलं, आणि या डेटावरून काय म्हणता येणार नाही. सॉफ्टवेअरची वीस पानी आउटपुट जोडू नका. आधी वसतिगृहातल्या इतर विषयाच्या मित्राला वाचायला द्या. तो जिथे अडेल ते वाक्य बदला.

पायरी 10: पैसे, नाव, गुप्तता

पहिल्याच भेटीत बोलून घ्या, नंतर अवघड होतं. विद्यार्थी म्हणून तुम्ही शिकण्यासाठी बसलात तर पैसे घेऊ नका. विभाग शुल्क घेत असेल तर ते विभागाच्या पावतीनेच. रचना ठरवण्यापासून लेखाचा मसुदा होईपर्यंत तुमचा हात असेल तर सहलेखक म्हणून नावाचा विषय काढायला संकोच नको. एकदा टी-टेस्ट करून दिली असेल तर आभारात उल्लेख पुरे. प्रबंधातलं निष्कर्षाचं प्रकरण लिहून द्यायचं काम मात्र कितीही ओळख असली तरी घ्यायचं नाही.

रोग्यांची नावं, मोबाइल, आधार क्रमांक काढून टाकलेलीच फाइल स्वीकारा. ती ऑनलाइन चॅटबॉटमध्ये चिकटवू नका. कोड अडला तर बनावट आकड्यांवर विचारा.

अजून कोणी येत नसेल तर

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा एककनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून मोफत मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, म्हणजे 2019-21 च्या पाचव्या फेरीचाही, मागणी अर्ज करून मिळतो. एक साधा प्रश्न घ्या, उदाहरणार्थ महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमधलं अ‍ॅनिमियाचं प्रमाण. नमुन्याचे भारांक (प्रत्येक नोंद किती लोकांचं प्रतिनिधित्व करते तो आकडा) आणि क्लस्टर (एकत्र निवडलेल्या घरांचे गट) वापरून ते काढा आणि छापील अहवालातल्या आकड्याशी ताडून बघा. जुळेपर्यंत सोडू नका. मग हाच प्रश्न जिल्हानिहाय करा, इंटर्व्हल किती रुंदावतात ते पाहा. एवढं झालं की ती एक पानी टिपणी घेऊन जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागात जा. प्रबंधाचे विषय ठरवायची वेळ गाठा, कारण तेव्हा सॅम्पल साइझ अजून कागदावरच असतो.